ओकाला नॅशनल फॉरेस्टला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लोरिडात राहणारी मराठी कुटुंबं आणि हिवाळ्यात त्यांच्याकडे येणारे पाहुणे ओकालाच्या जंगलाबद्दल तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना फक्त झऱ्यांबद्दल विचारायचं असतं आणि ते साहजिकच आहे. पण ते पाणी ज्या वाळूच्या रानातून झिरपत येतं, ते रानही बघून यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणून त्याबद्दलची उत्तरं जरा लांबली आहेत. शुल्क, वेळा आणि काय बंद, काय चालू हे बदलत राहतं. निघण्याच्या आदल्या दिवशी फॉरेस्ट सर्व्हिसच्या संकेतस्थळावर एकदा बघाच.

१. ओकाला नेमकं कुठे आहे? हे नॅशनल पार्कच ना?

ऑरलँडोच्या उत्तरेला, गाडीने साधारण एक ते दीड तासावर. पश्चिमेला ऑक्लावाहा नदी, पूर्वेला सेंट जॉन्स नदी आणि मधे पावणेचार लाख एकरांहून मोठं हे जंगल. १९०८ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते घोषित केलं. मिसिसिपीच्या पूर्वेकडचं हे सर्वांत जुनं नॅशनल फॉरेस्ट.

नॅशनल पार्क मात्र नाही. पार्क केंद्राच्या इंटिरियर खात्याकडे असतात, तर नॅशनल फॉरेस्ट शेती खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. इथे पर्यटनासोबत लाकूडतोड, शिकार, मासेमारी, मोटारसायकलींचे मार्ग हे सगळं कायद्याने चालतं. त्यामुळे मोकळीक जास्त आणि सोयी कमी. सगळीकडे कमान, फाटक, रेंजर अशी अपेक्षा ठेवू नका.

२. कोणत्या महिन्यात जावं?

चालायचं, तंबूत राहायचं किंवा पक्षी बघायचे असतील तर नोव्हेंबर ते मार्च. दिवस सुखद असतात, पण रात्री पारा कधी कधी शून्याजवळ जातो. फ्लोरिडा म्हणजे उबदारच, या समजुतीने पातळ चादर घेऊन गेलात तर रात्रभर कुडकुडाल.

पोहायला उन्हाळा बरा. जून ते सप्टेंबर पावसाचे महिने. पण आपल्यासारखी दिवसभराची संततधार नसते. सकाळ लख्ख असते आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग चढून विजा कडाडू लागतात. विजांच्या बाबतीत फ्लोरिडा अमेरिकेत अग्रेसर आहे. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर या आणि गाडीत किंवा पक्क्या इमारतीत बसा, झाडाखाली नको. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. वादळानंतर पायवाटा आणि होड्यांचे मार्ग पडलेल्या झाडांमुळे बराच काळ बंद राहू शकतात.

३. प्रवेशशुल्क आहे का? आधी बुकिंग लागतं का?

जंगलात शिरायला काही लागत नाही. राज्य मार्ग ४० आणि १९ सरळ त्यातूनच जातात. विकसित झऱ्यांवर मात्र माणशी शुल्क आहे. ही ठिकाणं सहसा ठेकेदार चालवतात, त्यामुळे तुमचा वार्षिक पास प्रत्येक फाटकावर सारखाच चालेल असं धरून जाऊ नका.

तंबूची किंवा आरव्हीची (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीची) जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर राखता येते. हिवाळ्यातले शनिवार-रविवार फार आधी भरतात. दिवसाच्या सहलीसाठी उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी फाटक उघडायच्या वेळेलाच पोहोचा. गर्दीची मर्यादा भरली की सकाळीच फाटक बंद करतात आणि लांबून आलेल्यांनाही परतावं लागतं.

४. एकाच दिवसाचा वेळ आहे. कोणत्या झऱ्यावर जाऊ?

लहान मुलं असतील तर अलेक्झांडर स्प्रिंग्ज. काठाला वाळू आहे आणि उतार हळूहळू खोल होत जातो, त्यामुळे मुलं कडेला खेळू शकतात. या जंगलातल्या झऱ्यांपैकी स्कूबा डायव्हिंगला परवानगी फक्त इथेच आहे.

देखणेपणात ज्युनिपर स्प्रिंग्जला तोड नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीत बेरोजगार तरुणांच्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरने इथलं दगडी कुंड आणि पाणचक्कीचं घर बांधलं. शेजारीच, ताडांच्या दाट सावलीत फर्न हॅमॉक हा छोटा झरा आहे. तिथे पोहायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. तळाची पांढरी वाळू खालून येणाऱ्या पाण्याने सतत उसळत असते. लाकडी पुलावर उभं राहून ते शांतपणे बघा. घाईच्या सहलीत लोक हेच चुकवतात.

सिल्व्हर ग्लेन हा झरा लेक जॉर्ज या तळ्याच्या काठाजवळ आहे. पाणी निळंशार, मासे भरपूर, पण सुट्टीच्या दिवशी होड्यांची गर्दीही तेवढीच. सॉल्ट स्प्रिंग्जचं पाणी किंचित खारट आहे, कारण ते जमिनीखालच्या प्राचीन समुद्राच्या क्षारांमधून येतं. समुद्रापासून इतक्या आत असूनही तिथे निळे खेकडे सापडतात. आरव्ही घेऊन येणाऱ्यांना वीज-पाण्याची सोय तिथे मिळते.

माझी पसंती विचाराल तर सकाळी ज्युनिपर आणि दुपारी अलेक्झांडर.

५. काचेच्या तळाच्या होड्या आणि माकडं यातल्या कोणत्या झऱ्यावर आहेत?

यातल्या एकाही नाही. ते सिल्व्हर स्प्रिंग्ज; जंगलाच्या पश्चिमेला, ओकाला शहराजवळचं स्टेट पार्क. त्याचं तिकीट वेगळं, व्यवस्थापन वेगळं. नाव सिल्व्हर ग्लेनसारखं असल्याने जीपीएसवर फसगत होते आणि अख्खं जंगल आडवं ओलांडावं लागतं. तिथली ऱ्हीसस माकडं मूळची आशियातली. १९३० च्या दशकात पर्यटकांना आकर्षित करायला ती आणून सोडली होती. त्यांना खायला घालणं बेकायदेशीर आहे.

६. झऱ्याचं पाणी गरम असतं का? हिवाळ्यात पोहता येतं का?

गरम नाही. बाराही महिने सुमारे ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे २२ अंश सेल्सिअस. जुलैत उतरताना अंगावर काटा येतो आणि जानेवारीच्या सकाळी त्याच पाण्यातून वाफा निघताना दिसतात. हिवाळ्यात पोहणं शक्य आहे, पण बाहेर आल्यावरच्या थंडीसाठी मोठा टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी ठेवा.

तापमान बदलत नाही याचं कारण जमिनीखाली आहे. या रानात पडणारा पाऊस वाळूतून झरझर खाली उतरतो आणि चुनखडीच्या पोकळ थरांमध्ये साठतो. या साठ्याला फ्लोरिडन ॲक्विफर म्हणतात. जमिनीखाली पाण्याला परिसराचं वर्षाचं सरासरी तापमान लाभतं. पुढे दाबामुळे ते चुनखडीतल्या फटींतून वर येतं. अलेक्झांडर आणि सिल्व्हर ग्लेन हे पहिल्या श्रेणीचे झरे मानले जातात. या श्रेणीसाठी सरासरी रोज किमान ६ कोटी ४० लाख गॅलन पाणी बाहेर पडावं लागतं. म्हणजे आज तुम्ही ज्यात डुंबता ते कधीतरी याच परिसरात पडलेलं पावसाचं पाणी आहे. वर जे सांडेल, ते खाली उतरणार. प्रश्न १९ मधलं उत्तर वाचताना हे लक्षात असू द्या.

७. मुलांसाठी पाणी सुरक्षित आहे का? मेंदूत शिरणाऱ्या अमीबाबद्दल ऐकलं आहे.

मोठा धोका बुडण्याचा आहे. इथे जीवरक्षक असतील असं गृहीत धरू नका. अलेक्झांडरच्या कुंडात झऱ्याच्या मुखाजवळ खोली सुमारे २५ फूट आहे, आणि पाणी इतकं नितळ की ती डोळ्यांना कमी वाटते. पोहता न येणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घाला, मोठ्यांनाही.

नेग्लेरिया हा अमीबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकात पाणी गेल्यावरच संसर्ग करतो. असा संसर्ग अत्यंत दुर्मीळ असला तरी जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. सतत वाहणाऱ्या, २२ अंशांच्या झऱ्यापेक्षा उन्हाळ्यात तापलेल्या उथळ तळ्यांत त्याची शक्यता जास्त. तळ्यात उतरणार असाल तर नाकाला चिमटा लावा आणि तळाचा गाळ ढवळू नका.

८. पाण्यात मगरी असतात ना?

असतात. इथल्या मगरी म्हणजे ॲलिगेटर. फ्लोरिडातलं कोणतंही गोडं पाणी त्यांचं घर समजावं. त्या सहसा माणसाला टाळतात. आखून दिलेल्या जागेतच पोहा, दिवसाउजेडीच पोहा, आणि काठावर लहान मूल किंवा कुत्रा एकटा सोडू नका. पोहण्याच्या जागी कुत्र्यांना तशीही परवानगी नाही. मगरीला खायला घालणं राज्यात गुन्हा आहे, कारण खाणं मिळालेली मगर माणसाची भीती विसरते आणि शेवटी तिलाच मारावं लागतं.

९. अस्वलं आहेत म्हणतात. मग स्वयंपाक कसा करायचा?

फ्लोरिडाच्या काळ्या अस्वलांची मोठी वस्ती याच जंगलात आहे. ती लाजाळू असतात, पण नाक फार तीक्ष्ण असतं. फोडणी, थालीपीठ, लोणच्याची बरणी, इतकंच काय टूथपेस्ट आणि सुगंधी साबणसुद्धा त्यांच्या लेखी खाऊच. स्वयंपाक तंबूपासून दूर करा. सगळं खाणं आणि वासाच्या वस्तू बंद गाडीत किंवा अस्वलांना न उघडता येणाऱ्या डब्यात ठेवा. खरकटं पुरू नका, जाळू नका. अस्वलरोधक कचराकुंडीत टाका. तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको.

अस्वल समोर आलंच तर पळू नका. हात वर करून मोठे दिसा, शांत आवाजात बोलत मागे सरका आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा.

१०. साप आणि किड्यांचं काय?

डायमंडबॅक आणि पिग्मी हे दोन रॅटलस्नेक, पाण्याजवळ कॉटनमाउथ, आणि क्वचित दिसणारा कोरल स्नेक हे इथले विषारी साप. पायवाट सोडू नका, ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकू नका. दंश झाला तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काहीही करू नका. ९११ ला फोन करा.

रोजचा त्रास मात्र गोचिडी, चिगर नावाचे चावरे सूक्ष्म किडे आणि लाल आगमुंग्यांचा. लांब पँट, मोज्यात खोचलेली. घरी परतल्यावर अंग नीट तपासा. तीन पानांचा पॉयझन आयव्ही ओळखायला शिकवा, विशेषतः मुलांना.

११. ज्युनिपर रनची होडीची सफर नवशिक्यांना जमेल का?

सुमारे ७ मैल, चार ते पाच तास. पात्र अरुंद, वळणं सतत, आणि जागोजागी झुकलेल्या झाडांखालून वाकून जावं लागतं. सुरुवात केल्यावर मधेच बाहेर पडायला वाट नाही, कारण दोन्ही बाजूंना ज्युनिपर प्रेअरीचं संरक्षित रान आहे. तोल सांभाळता येणाऱ्या, थोडा सराव असलेल्या मोठ्यांना जमेल. पहिल्यांदाच वल्हं हातात घेणाऱ्यांनी अलेक्झांडरचा रुंद, संथ प्रवाह निवडावा.

ज्युनिपर रनवर एकदाच वापरायच्या बाटल्या, कॅन, पिशव्या आणि मद्य नेता येत नाही. खाणं पुन्हा वापरायच्या घट्ट डब्यांत घ्या. घरचे स्टीलचे डबे अगदी चालतात. सकाळी लवकर निघा, उशिरा आलेल्यांना होडी देत नाहीत.

१२. आई-बाबा भारतातून आले आहेत, फार चालवत नाही. त्यांना काय दाखवू?

ज्युनिपरपासून फर्न हॅमॉकपर्यंतची छोटी, सपाट वाट. बाकं आहेत, सावली आहे आणि पाणचक्की बघायला मिळते. मॅनाटी (पाण्यात राहणारा मोठा, संथ सस्तन प्राणी) बघायची हौस असेल तर जंगलाबाहेरचं, ऑरेंज सिटीचं ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क गाठा. हिवाळ्यात, थंडीची लाट असताना. फळीवाटेवरून चालत कडेला उभं राहूनच दिसतात.

१३. आम्ही पायवाटेवर गेलो, पण सगळं खुरटं आणि कोरडं होतं. चुकीच्या जागी गेलो का?

नाही, अगदी बरोबर जागी गेलात. वाळूवरच्या सँड पाइनच्या रानाचा जगातला सर्वांत मोठा सलग पट्टा तो हाच. इथले लोक त्याला ‘बिग स्क्रब’ म्हणतात. पाय रुततात ती पांढरी वाळू म्हणजे प्राचीन समुद्रकिनाऱ्यांच्या टेकड्या. पाणी थांबत नाही, माती नाही, म्हणून झाडं बुटकी, पानं जाड आणि चिवट.

थांबून बघितलं तर इथे फार काही आहे. निळा-राखाडी ‘स्क्रब जे’ हा फक्त फ्लोरिडात आढळणारा पक्षी, आणि त्याची सर्वांत मोठी संख्या ओकालात आहे. १९८७ पासून तो संघराज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्यांचं घर आपल्या एकत्र कुटुंबासारखं चालतं: मोठी झालेली पिल्लं लगेच वेगळी होत नाहीत, धाकट्या भावंडांना भरवायला मदत करतात, आणि एक जण उंच फांदीवर बसून ससाण्यावर नजर ठेवतो. ओकची फळं ते वाळूत पुरून ठेवतात. माणसाच्या हातावर यायलाही कचरत नाहीत, पण त्यांना शेंगदाणे देऊ नका. ते बेकायदेशीर आहे.

सह्याद्रीतल्या चढाची सवय असलेल्यांना नकाशावर हे सोपं वाटतं. पण वाळूतला एक मैल दमवतो आणि सावली जवळजवळ नसते. फ्लोरिडा ट्रेलचा मोठा टप्पा या जंगलातून जातो. त्यातला हॉपकिन्स प्रेअरीचा भाग सुरुवातीला चांगला. वाटेत पिण्याचं पाणी मिळेल असं धरू नका, माणशी किमान तीन लिटर न्या.

१४. रस्त्यालगत शेकडो एकर जाळलेलं आणि तोडलेलं दिसलं. वनखातंच जंगल संपवतंय का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण हे रान आगीवरच जगतं. सँड पाइनची बरीचशी फळं मेणासारखी घट्ट मिटलेली असतात. आगीच्या धगीने उघडतात आणि राखेत बी पडतं. १९३५ मध्ये इथे लागलेल्या वणव्याने चार तासांत सुमारे ३५,००० एकर व्यापले होते. रस्ते आणि वस्ती असताना असे वणवे पेटू देता येत नाहीत. म्हणून सँड पाइनचे मोठे तुकडे तोडून आगीचं काम केलं जातं, आणि लाकूड लगद्यासाठी जातं. स्क्रब जेला उंच झाडं नकोच असतात; नुकतं मोकळं झालेलं, माणसाच्या उंचीचं रान हवं असतं.

लाँगलीफ पाइनच्या उंच, गवताळ बेटांमध्ये मात्र दर थोड्या वर्षांनी मुद्दाम छोटी आग लावतात. तिथल्या लाल कानशिलाच्या सुतार पक्ष्याला जिवंत म्हाताऱ्या पाइनमध्येच ढोली कोरायची असते. धूर दिसला तर आधी फॉरेस्ट सर्व्हिसची सूचना बघा. नियोजित आग असेल तर त्या दिशेला जाऊ नका.

१५. तंबू कुठेही टाकता येतो का?

विकसित क्षेत्रांबाहेर बऱ्याच भागांत, विनामूल्य. पाण्यापासून आणि वाटेपासून दोनशे फूट तरी दूर राहा. शेकोटीबंदी आहे का ते त्याच दिवशी तपासा. लाकूड जवळपासच विकत घ्या. दुरून आणलेल्या लाकडातून झाडांचे रोग आणि भुंगेरे पसरतात.

अपवाद शिकारीच्या हंगामाचा. बंदुकीचा मुख्य हंगाम साधारण नोव्हेंबर ते जानेवारी असतो, म्हणजे नेमके आपले सहलीचे महिने. त्या काळात रानात तंबू टाकण्यावर बंधनं येतात. चालायला जाणाऱ्या प्रत्येकाने भडक नारिंगी जाकीट घालावं, मुलांनी आणि कुत्र्यानेही. तारखा राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाकडे मिळतात.

१६. जीपीएसने कच्च्या रस्त्यावर नेलं. साधी गाडी जाईल का?

क्रमांकाच्या मुख्य मुरमाड रस्त्यांवर बहुधा जाईल. आतल्या रस्त्यांची वाळू साखरेसारखी भुसभुशीत असते आणि पावसाअभावी आणखी सैल होते. शंका आली तर तिथूनच मागे या. रुतलात तर चाकं फिरवत बसू नका, गाडी आणखी खाली जाते. टायरमधली हवा थोडी कमी करा, चाकापुढची वाळू उकरा. मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घ्या आणि फॉरेस्ट रोडचा क्रमांक लिहून ठेवा, मदत मागताना तोच उपयोगी पडतो.

१७. रात्री स्फोटांसारखे आवाज आले आणि जमीन हादरली. काय होतं?

स्फोटच होते. जंगलात नौदलाचा पाइनकॅसल हा बॉम्बफेकीच्या सरावाचा पट्टा आहे आणि खरे बॉम्बही टाकले जातात. विमानंही कमी उंचीवरून जातात. फलक असलेली हद्द ओलांडू नका आणि जमिनीवर अनोळखी धातूची वस्तू दिसली तर हात लावू नका. याच कारणाने इथल्या हवाई क्षेत्राचा काही भाग प्रतिबंधित आहे. ड्रोन उडवण्याआधी तो तपासा. वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागांत, उदाहरणार्थ ज्युनिपर प्रेअरीत, ड्रोन पूर्ण मना आहे.

१८. मंडळाची ९० जणांची सहल न्यायची आहे. दिवाळीत असल्याने फुलबाज्या लावल्या तर?

७५ किंवा त्याहून जास्त माणसं एकत्र येणार असतील तर बिगरव्यावसायिक कार्यक्रमालाही आधी परवाना लागतो. त्याला शुल्क नाही, मात्र क्षेत्राचं नेहमीचं प्रवेशशुल्क वेगळं द्यावं लागेल. रेंजर कार्यालयाशी काही आठवडे आधी बोला. ४०-५० जणांना हा परवाना लागत नाही, पण बसण्याचा मांडव राखायला हवा. एकच गट कागदोपत्री दोन करून दाखवू नका.

फुलबाज्यांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत कोणतीही आतषबाजी वर्षभर बंद आहे, फुलबाजीसुद्धा. प्रश्न १४ मधली ती मिटलेली फळं आठवा; हिवाळ्यातल्या कोरड्या स्क्रबमध्ये एक ठिणगी पुरते. बॅटरीवरचे दिवे लावा.

१९. शाडूची मूर्ती आहे, रंगही नैसर्गिक आहेत. झऱ्यात विसर्जन चालेल का? निर्माल्य, थोडी हळद-कुंकू?

नाही. पाण्यात किंवा पाण्याजवळ ते गढूळ किंवा दूषित करू शकेल अशी कोणतीही गोष्ट टाकणं संघराज्याच्या नियमांत गुन्हा आहे, आणि माती, फुलं, तांदूळ, रंग त्यात येतात. झऱ्याचा तळ पांढऱ्या वाळूचा असतो; त्यावर गाळ बसला की पाण्यातलं गवत गुदमरतं, आणि त्या गवतावर मासे, कासवं, मॅनाटी जगतात. प्रवाह वाहून नेईल हा युक्तिवादही टिकत नाही, कारण तो पुढे लेक जॉर्जलाच जातो.

घरी बादलीत किंवा टबात विसर्जन करा, माती विरघळली की बागेत घाला. आरती म्हणायला मात्र जंगलात कुणाची ना नाही. लाउडस्पीकर नको आणि खडीसाखरेचा प्रसाद अस्वलांपासून जपून ठेवा, प्रश्न ९ प्रमाणे.